पपांची बेबी ऑस्टिन

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उरली नाही, ही बातमी मी देवरूखच्या आमच्या ओटीवर बसून मोठ्याने वाचली. मोठ्याने वाचण्याची सवय शाळेतली. छत्तीस वर्षे गणित शिकवल्यानंतर आवाज खाली येत नाही. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, म्हणून वीस वर्षे भरताच तिचा दाणापाणी संपला. बातमी वाचताना माझ्या मनात आमचे दादा होते. त्यांनी मुंबईत तीस वर्षे तीच टॅक्सी चालवली. फोन उचलून त्यांना दोन शब्द बोलावे असे क्षणभर वाटले आणि तो क्षण गेला. आम्हा भावांचे बोलणे चौदा वर्षांपासून बंद होते.

माझा नातू तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचे वडील मस्कतला, आणि त्या वर्षी सूनबाई व तो आमच्याकडे राहिले होते. बातमी ऐकून तो म्हणाला, "आजोबा, सगळ्या गेल्या तर आपण एक करू या की." आणि त्याने कपाटाखालून बिस्किटांचा मोठा डबा ओढला. त्यात लेगोचे ठोकळे होते. मुलाने दर सुट्टीत एखादा संच आणलेला. संचांची खोकी गेली, बांधणीची पुस्तके गेली, राहिली ती लाल, निळ्या, काळ्या, पिवळ्या विटांची एक खिचडी. मी तोवर त्या डब्याकडे पाहिले होते ते रात्री अनवाणी पाय त्यातल्या एखाद्या ठोकळ्यावर पडल्यावर, एवढेच.

पद्मिनी दोन संध्याकाळीत झाली. ती गाडी मुळातच चौकोनी; तिला विटांचे वावडे नाही. खाली काळे, वर पिवळे, पुढे दोन पारदर्शक टिकल्यांचे दिवे. आम्ही ती दूरदर्शन संचावर ठेवली, आणि नातू विचारता झाला, "आजोबा, तुमच्या घरी कुठली गाडी होती?"

आमच्या घरी बेबी ऑस्टिन होती. गाडी खरी एका डॉक्टरांची. आमचे पपा सावंतवाडीकडून देवरूखला आले ते त्यांचे ड्रायव्हर म्हणून. १९५३ साली डॉक्टरांनी मोठी गाडी घेतली आणि ही म्हातारी पपांना देऊन टाकली. ती १९२९ सालची, असे पपा सांगत. १९६१ पर्यंत ती चालली, पुढे मागच्या मांगरात उभी राहिली. मांगर हा शब्दही पपांनी तिकडून आणलेला.

नव्या वाचकांना सांगायला हवे की एके काळी बेबी ऑस्टिन हे नाव आपल्याकडे घरोघर ठाऊक होते. तिचे खरे नाव ऑस्टिन सेव्हन. मोटरसायकलला जोडगाडी लावून बायकामुलांना पावसात भिजवत नेणाऱ्या इंग्रज गृहस्थाला त्याच जागेत मावणारी खरी मोटार द्यावी, हा हर्बर्ट ऑस्टिन यांचा विचार. त्यांच्या कंपनीच्या संचालकांना तो पटला नाही. तेव्हा त्यांनी कारखान्यातल्या स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या आरेखकाला आपल्या घरी बोलावले, बिलियर्डच्या खोलीत बसवले, आणि स्वतःच्या खिशातून खर्च करून आराखडे तयार करवले. बदल्यात प्रत्येक गाडीमागे दोन गिनी स्वामित्वधन त्यांनी घेतले. १९२२ साली गाडी जाहीर झाली. १९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. बीएमडब्ल्यू या आज मोठा दिमाख मिरवणाऱ्या जर्मन कंपनीची पहिली मोटार म्हणजे परवाना घेऊन बांधलेली हीच बेबी ऑस्टिन. इंजिन ७४७ सीसीचे, शक्ती साडेदहा अश्वांची. आजच्या साध्या स्कूटरची शक्ती जवळजवळ तेवढीच असते, हे नातवाला सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे अविश्वासाने पाहिले.

आता प्रश्न बांधण्याचा. मी गणिताचा मास्तर, म्हणून पट्टी घेऊन बसलो. लेगोच्या विटेवरच्या गोल उंचवट्यांना नातू 'बटणे' म्हणतो. दोन बटणांच्या मध्यांतले अंतर आठ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्यांची एक वीट. ऑस्टिनच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर पंचाहत्तर इंच, म्हणजे १९०५ मिलिमीटर. दहा बटणे धरली तर ऐंशी मिलिमीटर होतात. प्रमाण साधारण एकास चोवीस. त्या प्रमाणात गाडीची रुंदी एकोणपन्नास मिलिमीटर येते. सहा बटणे म्हणजे अठ्ठेचाळीस! एका मिलिमीटरचा फरक. मला शाळेत एखादे अवघड उदाहरण सुटल्यावर होई तसा आनंद झाला. नातवाने मात्र मला न विचारता आठ बटणे रुंद सांगाडा जोडून ठेवला होता. तो अँबॅसेडरसारखा दिसत होता. मोडला.

त्याची पहिली भिंतही उभी राहीना. एका वर एक विटा त्याने अशा रचल्या होत्या की सगळे सांधे एका रेषेत. मी त्याला घराबाहेर नेले आणि आमच्या जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत दाखवली. आपल्याकडे कुठलाही गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही. खालचा सांधा वरच्या चिऱ्याच्या पोटाखाली गेला पाहिजे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. पण सांधा चुकला तर कितीही घट्ट चिरा भिंत वाचवत नाही. पोराने भिंतीवरून हात फिरवला, घरात आला, आणि सगळे पुन्हा जोडले. त्या दिवसापासून या धंद्यात माझी किंमत थोडी वाढली.

या विटांचा जन्मही एका सुताराच्या घरचा. डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावी ओले किर्क क्रिस्तियान्सेन हे सुतार होते. मंदीच्या काळात घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली, तेव्हा १९३२ साली ते लाकडी खेळणी करू लागले. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून १९३४ साली लेगो हे नाव घडले. प्लास्टिकची वीट पुढे १९४९ साली आली, आणि तिची कल्पना संपूर्ण त्यांची नव्हती. इंग्लंडच्या हिलरी पेज यांच्या विटांवरून ती घेतलेली. मात्र आतल्या पोकळीत नळ्या बसवून वीट विटेला घट्ट धरेल अशी रचना त्यांच्या मुलाने केली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी वडील वारले. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या विभागाला आग लागली आणि लाकूडकाम कायमचे बंद झाले. हे वाचताना मला आईच्या माहेरची आठवण झाली. सावंतवाडीच्या चितारआळीतून पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, लाखेच्या रंगाने चकाकणारी केळी, आंबे, फणस ती आमच्यासाठी आणत असे. तिथे आग लागली नाही. प्लास्टिकने हळूहळू जे केले ते आगीहून फार वेगळे नव्हते. तरी ती आळी आजही खेळणी करते, हे मी नातवाला मुद्दाम सांगितले. त्याने एवढेच विचारले, की ती एकमेकांना जोडता येतात का.

जुन्या मोटारींचे आणि विटांचे मुळात पटत नाही. जुनी मोटार म्हणजे बाक आणि वळणे: मडगार्डाची कमान, टपाचा उतार, दिव्यांचे वाटोळे डोळे, अरुंद उभा रेडिएटर. चाके तर उंच आणि बारीक. आमच्या डब्यातली सगळी चाके ट्रॅक्टरला शोभावीत अशी जाड. पंधरा दिवस आमची ऑस्टिन चाकांविना पाटावर बसून होती. शेवटी एका मोडक्या क्रेनच्या संचात दोरी गुंडाळायच्या बारीक कप्प्या सापडल्या. त्यांवर काळ्या रबराची कडी चढवली आणि गाडीचे वय एकदम शंभर वर्षांचे झाले. मडगार्डासाठी उताराच्या विटा उलट्या लावल्या. रेडिएटरचे कोडे मात्र मी सोडवले, हे थोड्या अभिमानाने नोंदवतो. विटा नेहमी उभ्याच रचाव्यात असा नियम नाही. कडेला बटण असलेली एखादी वीट घेतली की तिच्यावर पुढची रचना आडवी करता येते. पण आडव्या आणि उभ्या मापांचा मेळ बसला पाहिजे. पाच पट्ट्यांची जाडी सोळा मिलिमीटर, आणि दोन बटणांची लांबीही सोळा. हे कळले की कुलूप उघडते. डेन्मार्कमधल्या कोणा माणसाने हे गणित आधीच घालून ठेवले होते, मला ते देवरूखला एका थंडीच्या रात्री सापडले.

रेडिएटर बसला, आणि नातवाने विचारले, "दारे किती होती?"

"एक," मी म्हणालो.

"एकच? मग दुसऱ्या बाजूने?"

मला उत्तर देता येईना. मला आठवत होते की आम्ही नेहमी डावीकडून चढत असू. उजवीकडचे काहीच आठवत नव्हते. टप कापडाचा होता हे नक्की, पण खिडक्या? स्टेपनी कुठे? रंग तर मी गडद हिरवा म्हणालो आणि म्हणता म्हणता मलाच शंका आली. ज्या वस्तूच्या सीटवर मी माझे अर्धे बालपण घालवले, तिच्याविषयी साधे चार प्रश्न मला सुटत नव्हते.

घरात एकच फोटो आहे. दादांच्या प्रथम कम्युनियनच्या दिवशी रत्नागिरीला चर्चबाहेर काढलेला, १९५३ सालचा. पांढऱ्या पोशाखातले नऊ वर्षांचे दादा, पपा, आईच्या कडेवर मी. फोटोग्राफरने माणसे पाहिली, गाडी पाहिली नाही. तिचा एक दिवा, एक मडगार्ड आणि रेडिएटरचा टवका तेवढा पपांच्या कोपराशी दिसतो. नातवाने भिंग घेऊन त्या टवक्यावरून जितके काढता आले तितके काढले.

बाकीचे सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो अठरा-वीस किलोमीटरवर साखरप्याला राहत होता.

आता ते सांगायलाच हवे. पपा १९७३ च्या फेब्रुवारीत गेले. दादा मुंबईला; घरात आई आणि मी. मे महिन्यात घर शाकारायचे होते आणि निम्मी कौले फुटलेली. मी तेवीस वर्षांचा, नोकरी अजून कायम नव्हती. भंगारवाला आला. बेबी ऑस्टिनचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. टायर, गादी, लाकूड वगळून त्याने लोखंडाच्या भावाने दोनशे पंच्याहत्तर रुपये दिले. बैलगाडीवर चढवण्यापूर्वी त्याने तिचे दोन तुकडे केले. मी दादांना कळवले नाही. पत्र लिहायला बसलो होतो. दोन ओळींच्या पुढे गेलो नाही. ते नाताळला आले, मांगराचे दार उघडले, आत पाहिले, आणि दार लावून घेतले. त्यावर ते त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि पुढेही नाहीत. २००९ साली घराच्या वाटणीवरून आमच्यात जे झाले त्याला निमित्त चार गुंठ्यांचे होते. पण दादा घर सोडून वहिनींच्या गावी जायला निघाले तेव्हा मला पुन्हा मांगराच्या त्या दाराचा आवाज ऐकू आला.

२०२१ साली केंद्र सरकारने नियम केला, की पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली खाजगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. आमची गाडी विकली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. तेव्हा तिला विंटेज कोणी म्हटले नसते. देवरूखात तिला लोक 'पपांचा डबा' म्हणत.

नाताळ आला. नातवाने गोठा मांडला, गवत पसरले, आणि तीन राजांच्या उंटांमागे अर्धवट ऑस्टिन उभी केली. सूनबाईने डोळे वटारले. तो म्हणाला, "चौथा राजा गाडीने येतोय. गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला." मिस्साहून आलेल्या शेजाऱ्यांना ते फार आवडले. मला रात्री झोप लागली नाही.

जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या सुमारास, मी पोराला घेऊन साखरप्याची एसटी पकडली. मारळला मार्लेश्वराची यात्रा. स्टँडवर ही गर्दी. दोन्ही गाड्या बिस्किटाच्या डब्यात, भोवती जुन्या साडीचा तुकडा. अगोदर कळवले नव्हते. कळवले असते तर मी गेलोच नसतो.

वहिनींनी दार उघडले, मला पाहिले, आणि बाजूला झाल्या. दादा पडवीत आरामखुर्चीत होते. त्यांना काचबिंदूने दिसेनासे झाले होते, हे मी ऐकून होतो. पण ऐकणे वेगळे.

"कोण आहे?"

"मी आहे, दादा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बस. आणखी कोण आहे बरोबर?"

"माझा नातू."

पोर धीट. त्याने डबा उघडला आणि पद्मिनी त्यांच्या हातात दिली. "मोठे आजोबा, ओळखा."

दादांची बोटे बॉनेटवरून काचेवर, काचेवरून टपावर गेली. मागच्या कडेशी येताच ते हसले. "फियाट. अरे, हिला मी ओळखणार नाही? हिच्यात मी बायकोपेक्षा जास्त बसलोय." आतून वहिनींचा काही उद्गार आला. "मीटर कुठे आहे?" मीटर नव्हता. नातवाने ते मनात टिपून घेतलेले मला दिसले.

मग त्याने दुसरी गाडी दिली. मी खाली पाहत होतो. बोटे रेडिएटरवर थांबली, चाकांच्या रबरी कड्यांवर थांबली, मडगार्डाच्या कमानीवरून दोनदा फिरली.

"बॉनेट लांब झाले आहे," ते म्हणाले. "एक बोटभर कमी करा."

"दारे किती होती?" पोराने लगेच विचारले.

"दोन."

"आजोबा म्हणतात एक."

"त्याचेही बरोबर. उजवे दार आंबा घाटात एकदा आपोआप उघडले, तेव्हापासून पपांनी ते तारेने बांधून टाकले होते. हा तेव्हा लहान. त्याला दार म्हणून ते माहीतच नाही." मग पोराकडे तोंड करून, "पेट्रोल कुठे ओतायचे सांग."

"मागे."

"मागे नाही रे. बॉनेट उघडून. टाकी तिथेच, इंजिनाच्या मागे, उंचावर. पंपाची भानगड नाही. पेट्रोल आपले आपण खाली उतरायचे. पाण्यालाही पंप नाही. गरम पाणी वर चढते, गार खाली येते, एवढ्यावर इंजिन थंड. घाट चढताना ते उकळायचेच. पपा पाण्याचा डबा घेऊन बसवत कोणाला? मला." त्यांनी बॉनेटला नख लावून पाहिले. "हे उघडत नाही?"

नातू ओशाळला. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता.

दादा बोलतच राहिले. त्या गाडीला पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या चाकांना. घाट उतरताना दोन्ही एकदम लावावे लागत. क्लच इतका तापट, की पाय जरा उचलला की गाडी बेडकासारखी उडी मारी. सतराव्या वर्षी त्यावर शिकलेला माणूस मुंबईत कुठल्याही गाडीला घाबरला नाही. यातले काही मला ठाऊक होते, पुष्कळसे नव्हते. मी मागच्या सीटवरचा. पुढे काय चालले आहे ते मला कधी दिसलेच नाही.

रंगाचे विचारायचे धैर्य मी शेवटी केले. ते म्हणाले, "निळा." मी म्हणालो, "हिरवा." ते म्हणाले, "निळा होता. तू पाहिलास तोवर त्यावर शेवाळ चढले होते."

चहा आला. पोर वहिनींबरोबर परसात गेले. दादांच्या मांडीवर गाडी होती आणि बोटे तिच्यावर होती.

"किती आले तिचे?"

पन्नास वर्षांनी तो प्रश्न आला. "दोनशे पंच्याहत्तर."

"कशाला लागले?"

"कौलांना. पाऊस तोंडावर आला होता. आईच्या खोलीत..."

"ते तेव्हा सांगायचे होतेस."

माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन ओळींच्या त्या पत्राविषयी मी सांगितले नाही. ते टाकलेलेच नव्हते, तर सांगून काय उपयोग. आम्ही चहा प्यायलो. रस्त्याने यात्रेच्या गाड्या जात होत्या.

इथे मला एक विषयांतर करावेसे वाटते. ऑस्टिन कंपनीने १९४९ पासून मुलांनी पायांनी चालवायची एक छोटी पत्र्याची मोटार काढली होती, जे-४० नावाची. वेल्समधल्या बारगोड गावी ती बनत असे, आणि बनवणारे कामगार होते कोळशाच्या खाणीत फुप्फुसे धुळीने भरून गेलेले, खाणकामाला निकामी ठरलेले लोक. मोठ्या गाड्यांच्या पत्र्यातून उरलेल्या तुकड्यांचे ते मुलांसाठी गाड्या घडवीत. १९७१ पर्यंत सुमारे ३२ हजार झाल्या. मी हे वाचले तेव्हा ते दादांना सांगावे असे पहिल्यांदा वाटले होते. त्या दिवशी पडवीत गप्प बसवेना म्हणून सांगितले. ते ऐकून दादा म्हणाले, "पत्र्याच्या कामाला दम लागत नाही, हात लागतात." आणि हाक मारली, "अगं, माळ्यावरची ती पिशवी काढ."

वहिनींनी कापडी पिशवी आणली. आत पितळेचा भोंगा होता. ऑस्टिनचा. मी पाहताच ओळखला. त्याच्या तोंडाला पडलेला पोचा माझ्या क्रिकेटच्या चेंडूचा. भंगारवाल्याने भोंगा नाही म्हणून पाच रुपये कापले होते आणि मी तो चोरीला गेला असे समजून चाललो होतो. दादांनी १९६३ साली मुंबईला जाताना तो काढून नेला होता आणि पपांना सांगून नेला होता. रबरी फुगा केव्हाच विरून गेलेला. पोराने तोंड लावून जोरात फुंकले. आधी नुसती हवा, मग आतली पितळी पट्टी सुटली आणि असा काही आवाज आला की परसातल्या कोंबड्या पळाल्या. दादा डोळे मिटून बसले होते.

निघताना नातवाने भोंगा परत पिशवीत घातला, पण पिशवी हातातून सोडेना. मी रागावणार तोच दादा म्हणाले, "तो इथेच राहील. वाजवायचा असेल तर याला घेऊन ये."

ते वाक्य माझ्यासाठी होते. एसटीत पोराने मांडीवर बॉनेट उचकटायला घेतले. संगमेश्वरी रस्त्यांचे धक्के; एक निळी पट्टी सीटखाली गेली आणि कंडक्टरने टॉर्च मारून ती शोधून दिली.

त्यानंतर जूनपर्यंत आम्ही सहा वेळा गेलो. ऑस्टिन चारदा मोडली आणि चारदा उभी राहिली. बॉनेट आता एका बिजागरीच्या तुकड्यावर उघडते, आणि आत, इंजिनाच्या मागे, लाल विटेची पेट्रोलची टाकी आहे. स्टेपनी मागे. निळ्या विटा पुरल्या नाहीत, म्हणून उजवी बाजू हिरवी झाली. दादांना ते सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की हिरव्या बाजूला कोण बसणार. पद्मिनीला मीटर लागला. वाटणीचा विषय निघाला नाही असे नाही. एकदा निघाला, आवाज चढले, आणि वहिनी मध्ये पडल्या. चार गुंठे अजून होते तिथेच आहेत.

पोर जूनमध्ये आईबरोबर मस्कतला गेले. डबा माझ्याकडे ठेवून गेले आणि गाडी मोठ्या आजोबांकडे. मी एकटाच साखरप्याला जातो, महिन्यातून एकदा, कधी दोनदा. मागच्या खेपेला गेलो तेव्हा ऑस्टिन दादांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर होती. तिच्या उजव्या दारावरून काळा दोरा फिरवून गाठ मारलेली दिसली. वहिनी म्हणाल्या, त्यांनीच शिवणाच्या डब्यातला दोरा मागून घेतला आणि माझ्याकडून बांधून घेतला.